मराठवाड्यात राहून संगीत आणि यंत्रांवर माहितीपट करायचा तर

हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. पाचट, कडबा नाहीतर रद्दी पेटवायची, हलगीचं तोंड त्या धगीवर फिरवायचं, बोटाने टिचकी मारून बघायचं, परत फिरवायचं. कातडं तापून ताणलं की आवाज खणखणीत निघतो. हवेत ओल असली की ते पुन्हा सैल पडतं आणि पुन्हा जाळ करावा लागतो. आता बऱ्याच हलग्यांना कातड्याऐवजी फायबरचं पान असतं, नटबोल्टने आवळलेलं. त्याला ना जाळ लागतो ना पावसाची भीती. आवाज मात्र बदललाय. जुन्या हलगीची घुमणारी खालची बाजू त्यात नाही, नुसती धारदार वरची बाजू आहे.

मी समाधानाने दाखवू शकतो असा माझा पहिला माहितीपट या जाळावर होता. त्याआधी दोन केले होते, लोककलांविषयी. त्यात सगळं होतं: गोंधळ, भारूड, पोतराज, वासुदेव, सूर्यास्त. म्हणून त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. हलगीच्या वेळी पहिल्यांदा एकाच गोष्टीमागे लागलो: जाळ गेला तेव्हा त्याच्याबरोबर आणखी काय काय गेलं, आणि काय नवीन आलं.

लातूर, बीड, परभणीकडची मुलंमुली विचारतात की या कामासाठी पुण्या-मुंबईला जावंच लागतं का. शिकायला जा, जमलं तर जरूर जा. पण संगीत आणि यंत्रं यांच्या नात्यावर काम करायचं असेल तर विषय इथे आहेत आणि ते रोज बदलतायत. पुढे लिहिलंय ते करत करत शिकलेलं आहे.

एक यंत्र, एक गाव

‘संगीत आणि तंत्रज्ञान’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कॉम्प्युटर येतो. हार्मोनियमही यंत्रच आहे. युरोपातून आलेली पेटी आपल्या भजनात इतकी मुरली की ती परकी होती हेच आपण विसरलो. १९४० साली रेडिओने तिला बंदी केली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. हरकत अशी होती की तिच्या ठरीव स्वरांतून आपल्या गाण्यातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. म्हणजे ‘हे यंत्र आपलं गाणं बिघडवतंय’ हा वाद आज डीजेवरून चालतो तसा तेव्हा पेटीवरून चालला होता. आणि स्वर, श्रुती, वाद्यं यांचा बारीक विचार करण्याची परंपरा आपल्या भागाला परकी नाही. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो इथेच, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असताना.

म्हणून विषय शोधताना आधी यंत्र शोधा. पिठाची गिरणी आली आणि जातं थांबलं. जातं थांबल्यावर ओवी कुठे गेली? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह उभा केला, लाखाच्या घरात ओव्या. त्यात परभणीच्या ताडकळसच्या आणि बीडच्या माजलगावच्या बायकांचे आवाज आहेत. तो संग्रह आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतो. काम सुरू करण्याआधी तो ऐकाच. एखादी गोष्ट किती चिकाटीने जमवायची असते ते त्यातून कळतं.

आणखी विषय तुमच्या आसपास असतीलच. बेंजो पथकात ऑक्टोपॅड आला तेव्हा ढोलकीवाल्याचं काय झालं? भजनी मंडळात इलेक्ट्रॉनिक तंबोरा कुणी आणला आणि वीणेकऱ्याला ते कसं वाटलं? चौकातला कॅसेट भरून देणारा दुकानदार आता काय करतो? भीमजयंतीची गाणी आता गावातल्याच एका खोलीत, रजया टांगलेल्या भिंतींमध्ये रेकॉर्ड होतात. ती खोली कुणाची? यातला एकच प्रश्न घ्या. ‘मराठवाड्याचं बदलतं लोकसंगीत’ हा विषय होत नाही. तो तुमच्या दहा वर्षांच्या कामाचा मथळा होऊ शकेल.

एक गोष्ट मनावर घ्या. जुनं गेलं म्हणून हळहळणं हा माहितीपटाचा सगळ्यात सोपा सूर आहे आणि बहुतेक वेळा तो खोटा असतो. हलगी ज्या समाजांकडे होती त्यांच्यावर ती वाजवण्याची सक्तीही होती. काही घरांनी ती ठरवून, मानाने खाली ठेवली. त्यांच्या ओसरीवर बसून ‘परंपरा लोप पावतेय’ असं म्हणायला जाऊ नका. का सोडली ते विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसा.

कॅमेरा घरी ठेवून

पहिल्या तीन-चार भेटींत कॅमेरा नेऊ नका. वही न्या. घरात कोण कोण आहे, वाद्य कुठे टांगलेलं असतं, सुपारी कोण घेतं, बिदागी कशी वाटली जाते, कोणत्या महिन्यात काम असतं आणि कोणत्या महिन्यात ऊसतोडीला जावं लागतं, हे लिहून काढा. दिवाळीनंतर अर्धं गाव तोडीला गेलेलं असतं आणि आपण कॅमेरा घेऊन कुलपांसमोर उभे असतो. हे माझ्या बाबतीत घडलंय.

वर्षाचं वेळापत्रक पंचांगावरूनच आखा. आश्विनात तुळजापूर आणि माहूर, मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणची नाथषष्ठी, एप्रिलमध्ये १४ तारीख आणि तिच्या आधीचे-नंतरचे दिवस. लग्नसराईत गोंधळ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. तेव्हा मुलाखत मागू नका, त्यांच्याबरोबर फिरा. मुलाखत आषाढात घ्या. पावसाने सगळे घरात असतात, बोलायला मोकळे असतात.

देवगिरी किल्ला, वेरूळ अशा ठिकाणी ट्रायपॉड आणि मोठा कॅमेरा घेऊन गेलात तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. अर्ज खूप आधी करा.

आवाज

मी सगळ्यात जास्त इथे लिहिणार आहे, कारण संगीतावरचा माहितीपट आवाजात बिघडला की चित्र कितीही देखणं असलं तरी तो वाचत नाही.

पहिल्या वर्षी एका जागरण-गोंधळात रेकॉर्डर ‘ऑटो’वर ठेवला होता. संबळाचा ठोका पडला की यंत्र घाबरून आवाज खाली खेचायचं आणि त्याच क्षणी गोंधळ्याचा गळा बुडायचा. ठोका संपला की गळा वर यायचा. रात्रभराचं गाणं असं हापसल्यासारखं वर-खाली झालं. त्यातलं एक मिनिटही वापरता आलं नाही, आणि ते गोंधळी बप्पा पुढच्या वर्षी गायच्या स्थितीत नव्हते. तेव्हापासून पातळी हातानेच लावतो.

पैसे थोडे असतील तर कॅमेरा जुना घ्या किंवा मोबाईलच वापरा, पण वेगळा रेकॉर्डर, चांगले बंद हेडफोन आणि वाऱ्यासाठी फरचं कव्हर आधी घ्या. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. दोन चॅनेलचं एक तास साधारण १ जीबीत मावतं, म्हणजे जागेची काळजी नाही. ‘३२ बिट फ्लोट’वाला रेकॉर्डर परवडत असेल तर संबळ-हलगीसाठी तो वरदान आहे, कारण रेकॉर्डरची पातळी चुकली तरी मागाहून सावरता येते. मात्र माईकच्या आतच आवाज फाटला तर कुठलाच रेकॉर्डर वाचवत नाही. म्हणून हलगी, ताशा आणि डीजेच्या भिंतीजवळ नाजूक कंडेन्सर माईक नेऊ नका. गाणारे हातात धरतात तसला साधा डायनॅमिक माईक ठेवा. साध्या रेकॉर्डरवर सगळ्यात जोराचा ठोका त्याच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल अशी पातळी लावा. वाजवणाऱ्याला आधी विचारा, ‘काका, रंगात आल्यावर वाजवता तसं जरा वाजवून दाखवा.’ तपासणीच्या वेळी सगळे हळू वाजवतात.

माईक कुठे ठेवायचा हे वाद्य शिकवतं. संबळाची दोन तोंडं, एक कडक आणि एक घुमणारं. कमरेला बांधलेलं असल्याने वादक फिरतो तसा आवाज फिरतो. मी छातीच्या उंचीवर, हातभर समोर बूम (लांब दांडीवरचा माईक) धरतो. तुणतुण्याचा आवाज बारीक. त्याच्या पोकळ नळकांड्याजवळ कॉलर माईक बांधला तरच तो संबळाखालून ऐकू येतो. भजनात पखवाजाच्या शाईच्या बाजूला माईक ठेवू नका, नाहीतर वीणेकरी हरवतो. टाळ सगळ्यांना झाकून टाकतात. टाळकऱ्यांच्या मागे उभे राहा, पुढे नाही.

घरात रेकॉर्ड करताना पंखा, फ्रीज आणि बोअरची मोटर बंद करायला सांगा. फ्रीज बंद केलात की तुमच्या गाडीची किल्ली फ्रीजवर ठेवा, म्हणजे निघताना तो परत सुरू करायचं विसरणार नाही. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना मिनिटभर शांत बसवून रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. संपादनात दोन वाक्यं जोडताना हाच आवाज मधली फट भरतो. पत्र्याच्या घरात हा आवाज दुपारी वेगळा असतो, संध्याकाळी वेगळा. पत्रा तापला की तडतडतो.

लांबून चित्रण करत असाल तर आणखी एक हिशोब ध्यानात ठेवा. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो आणि आपला कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेतो. म्हणजे १४ मीटरवरून आवाज एक चित्र उशिरा पोहोचतो. माळवदावरून चौकातली हलगी टिपलीत तर काडी आधी पडते आणि ठोका मागून येतो. बघणाऱ्याला काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण चुकतंय हे कळतं. म्हणून रेकॉर्डर वादकाजवळ ठेवा, सुरुवातीला टाळी वाजवा आणि त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवा.

डीजेवर काम करणार असाल तर मिक्सरवाल्याशी मैत्री करा. मिक्सरमधून थेट वायर घेतली तर रेकॉर्डरचं इनपुट ‘लाईन’वर आहे ना ते बघा, ‘माईक’वर राहिलं तर सगळं फाटतं. ती वायर आणि गर्दीतला माईक, दोन्ही वेगवेगळे ठेवा. कानात बोळे घाला. कायदाही माहीत असू द्या: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद, सरकारने ठरवून दिलेल्या वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांची मध्यरात्रीपर्यंतची सूट सोडून. वस्तीच्या भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. दहा वाजता पोलिसांची गाडी येते आणि मंडळाच्या पोरांचे चेहरे बदलतात, तो क्षण तुमच्या माहितीपटाचा असेल. रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण कॅमेरा कुणाच्या तोंडावर रोखू नका.

ट्रंकेतल्या कॅसेट

हा विषय घेतलात की लोक ट्रंका उघडतात. त्यात एखाद्या शाहिराचा कार्यक्रम, आजीच्या ओव्या, कीर्तन, काहीही निघतं. उत्साहाने लगेच टेपमध्ये घालू नका. फितीवर पांढरी बुरशी असेल तर ती वाजवूच नका, जाणकाराकडे न्या. बरी दिसत असेल तर पेन्सिल घालून हाताने हळूच फिरवून बघा. फितीच्या मागची स्पंजची छोटी गादी गळून पडलेली असते. तशी असेल तर फीत दुसऱ्या चांगल्या डबीत घालावी लागते. डेकचं हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. तो किंचित फिरवून आवाज सगळ्यात उजळ कुठे येतो ते कानाने शोधा. वेगवेगळ्या टेपवर भरलेल्या कॅसेटना तो वेगवेगळा लागतो. मग २४ बिटवर एकदाच, न थांबता, पूर्ण बाजू उतरवा. खरखर काढायची घाई नको. मूळ उतरवलेली फाईल तशीच ठेवा आणि सफाई तिच्या प्रतीवर करा. कॅसेट परत देताना उतरवलेला आवाजही द्या.

चित्र

थोडक्यात सांगतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. म्हणून कॅमेरा २५ चित्रांवर आणि शटर १/५० वर ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. मे महिन्यात फोन आणि कॅमेरे तापून बंद पडतात. ओलं फडकं गुंडाळू नका, सावलीत ठेवा. आणि हात टिपा. वाजवणाऱ्याचा चेहरा सगळेच टिपतात.

विचारून, लिहून, देऊन

संमती मराठीत, कॅमेऱ्यासमोर, साध्या शब्दांत घ्या: हे कुठे दाखवणार, पैसे मिळाले तर काय करणार, नको वाटलं तर कधीपर्यंत सांगता येईल. कागदावरही सही किंवा अंगठा घ्या आणि त्याची प्रत त्यांच्याकडे ठेवा. बिदागी द्या. तुमच्यासाठी दिवसभर वाजवणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते.

हक्कांचा गुंता समजून घ्या, कारण इथे पुष्कळ काम अडकतं. पारंपरिक ओवी किंवा एकनाथांचं भारूड कुणाच्या मालकीचं नाही. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मात्र त्याच्या शब्दांवर हक्क राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे भारूड मोकळं असलं तरी कंपनीच्या कॅसेटवरचं भारूड मोकळं नाही. कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावरही हक्क असतो, ५० वर्षांचा. आपल्याकडे निम्मी भजनं आणि भीमगीतं सिनेमाच्या चालींवर आहेत. गोंधळ्याने स्वतःचे शब्द गायले तरी चाल कुणाची तरी असते, आणि माहितीपट यूट्यूबवर टाकताच दावा येऊन पडतो. चित्रण करतानाच वहीत लिहून ठेवा: चाल कुठली, शब्द कुणाचे. शक्य तिथे ‘मामा, जुन्या चालीवर एक म्हणा की’ अशी विनंती करा. पुष्कळदा त्यातून जी चाल निघते तीच माहितीपटाचं सोनं ठरते.

जपणूक आणि जुळवणी

१०० मेगाबिटचं ‘४के’ चित्रण तासाला ४५ जीबी खातं. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. दोन्ही उतरल्याशिवाय कार्ड पुसू नका. लोडशेडिंगच्या गावात कॉपी चालू असताना वीज जाते. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या. फाईलच्या नावात तारीख, गाव, माणूस, वाद्य. ‘नवीन २ फायनल’ असलं नाव सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

संपादनासाठी ‘दा विंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती पुरते. गाणं मध्येच तोडू नका. निदान एक गाणं अख्खं ठेवा, सात मिनिटांचं असलं तरी. निवेदन कमीत कमी ठेवा. बोली तशीच राहू द्या, ‘करायलाव’चं ‘करत आहोत’ करू नका. इंग्रजी उपशीर्षकं करताना संबळाला नुसतं ‘ड्रम’ लिहू नका, संबळ लिहा.

पोटापाण्याचं

एका माहितीपटावर घर चालत नाही, हे पहिल्या दिवशी मान्य केलं की पुढची वर्षं सोपी जातात. माझं घर लग्नांच्या आणि शेतीविषयक संस्थांच्या चित्रणावर चाललं. महिन्यातले वीस दिवस ते काम, दहा दिवस हे. लग्नाच्या कामाचा कमीपणा वाटून घेऊ नका. गोंधळ, हलगी, बेंजो, डीजे हे सगळं लग्नातच भेटतं आणि तिथे तुम्ही कुणाला परके वाटत नाही.

शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात पत्रकारिता आणि नाट्यशास्त्राचे विभाग आहेत. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटसंस्थेचे छोटे अभ्यासक्रमही असतात. अनुदानासाठी बंगळुरूची ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ भारतीय भाषांतल्या कलाविषयक कामाला मदत करते. अर्जात ‘लोप पावणारी कला’ लिहू नका. तुमचा एकच नेमका प्रश्न लिहा आणि त्याला दोन मिनिटांचा आवाज जोडा. महोत्सवांत मुंबईचा ‘मिफ’ हा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो, केरळचा लघुपट-माहितीपट महोत्सव तिरुवनंतपुरमला होतो. आधी कुठेही दाखवलेलं नसावं अशी काहींची अट असते, म्हणून अर्ज करेपर्यंत पूर्ण माहितीपट यूट्यूबवर टाकू नका. थिएटरात जाहीर दाखवायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं.

आणि एक कमाई पैशात मोजता येत नाही पण पुढे पैसाही तीच आणते. पाच वर्षांत तुमच्याकडे एका भागातल्या आवाजांचा, नीट नावं घातलेला संग्रह उभा राहतो. अभ्यासक, नाटकवाले, आकाशवाणीची माणसं मग तुम्हाला शोधत येतात. वापरायला द्याल तेव्हा कलाकाराला विचारून द्या, आणि मोबदल्यात त्याचा वाटा ठेवा.

गावात परत

पहिला खेळ गावात करा, महोत्सवाच्याही आधी जमलं तर. समाजमंदिराची भिंत, भाड्याचा प्रोजेक्टर, एक बरा स्पीकर. अंधार पडल्यावर सुरू करा. चुकीचं नाव, चुकीचं नातं गाव लगेच दाखवून देतं, आणि अजून दुरुस्त करता येतं.

हलगीचा माहितीपट तसा दाखवला. ज्यांच्या जाळावर सगळं उभं होतं ते सत्तरीतले काका पुढे बसले होते. संपल्यावर जवळ आले. मला वाटलं, काही चुकलं असणार. ते म्हणाले, ‘त्यातलं बोलणं-बिलणं राहू दे. नुसती हलगी दे मला. शेकून वाजवलेली.’ दुसऱ्या दिवशी ११ मिनिटांचं सलग वादन त्यांना मेमरी कार्डात घालून दिलं. शेतात नेतात त्या छोट्या स्पीकरला ते कार्ड लागेना, कारण मी मूळ मोठी फाईल दिली होती. परत येऊन एमपीथ्री करून दिली तेव्हा वाजली. द्यायच्या आधी ते कशावर ऐकणार आहेत, तेवढं विचारून घेत जा.